क्रीटमध्ये काय पाहावे, हे मुक्काम कोठे आहे यावर ठरते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपण, आपल्या पत्नी आणि आईवडील असे चौघे पाच रात्रींसाठी ग्रीसच्या क्रीट बेटावर जाणार आहात. पाचही रात्रींसाठी हेराक्लिऑन शहरात हॉटेल राखून ठेवले आहे, भाड्याची मोटार घेणार आहात आणि ती आपण दोघेही चालवू शकता. क्नोसोसचा राजवाडा, सामारियाची घळ, बालोस आणि एलाफोनिसी हे समुद्रकिनारे, स्पिनालोंगाचा किल्ला आणि सँटोरिनी बेटाची एका दिवसाची सहल या सहा गोष्टींचा क्रम तेवढा आपल्याला लावून हवा आहे. वडील ६९ वर्षांचे असून त्यांना इतिहासाची आवड आहे, आईंचे गुडघे दुखतात, पत्नींना डोंगर चढण्या-उतरण्यात रस नाही आणि आपण स्वतः सह्याद्रीत नियमितपणे भटकता, हेही आपण लिहिले आहे. ही शेवटची माहिती दिली नसती, तर उत्तर देणे अवघड होते.

गेली काही वर्षे मी आठ-दहा जणांचे छोटे गट ग्रीसला घेऊन जातो आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहली क्रीटच्या असतात. त्या अनुभवावरून सांगतो की, या सहा ठिकाणांचा कोणताही क्रम लावला तरी हेराक्लिऑनमध्ये राहून तो जमणार नाही. आपली खरी अडचण क्रमाची नसून मुक्कामाची आहे.

‘बेट’ म्हटले की संध्याकाळपर्यंत फेरी मारून परत येण्याजोगी जागा आपल्या डोळ्यांसमोर येते. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे आणि त्याचे क्षेत्रफळ ८,३०० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून जास्त आहे. त्याच्या पाठीच्या कण्यासारखी डोंगरांची रांग पसरलेली आहे. पश्चिमेला लेफ्का ओरी, अर्थात श्वेतपर्वत, मध्यभागी २,४५६ मीटर उंचीचा प्सिलोरितिस आणि पूर्वेला दिक्ती. मोठी शहरे आणि एकमेव हमरस्ता उत्तर किनाऱ्यावर आहेत. दक्षिणेला, विशेषतः पश्चिमेकडच्या भागात, डोंगर थेट समुद्रात उतरतात, त्यामुळे तेथे किनाऱ्याला धरून जाणारा सलग रस्ताच नाही आणि काही गावांना तर केवळ बोटीनेच पोहोचता येते. आपल्या यादीतील सामारिया, बालोस आणि एलाफोनिसी ही तिन्ही पश्चिम टोकाची ठिकाणे आहेत, क्नोसोस मध्यभागी आहे आणि स्पिनालोंगा पूर्वेला. हेराक्लिऑनहून पश्चिमेकडचे हानिया शहर सुमारे १४० किलोमीटर आणि तेथून एलाफोनिसी आणखी ७५ किलोमीटर घाटरस्त्याने. म्हणजे एका बाजूचेच सव्वातीन-साडेतीन तास. असा दिवस मी एकदा केला आहे. परतीच्या प्रवासात मोटारीत कोणीही कोणाशी बोलत नव्हते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, पहिल्या तीन रात्री हानियामध्ये राहावे आणि शेवटच्या दोन हेराक्लिऑनमध्ये. अथेन्सहून दोन्ही शहरांना विमाने आहेत आणि पिरेयस बंदरातून रात्रीच्या बोटीही आहेत, त्यामुळे एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून निघणे येथे अगदी नेहमीचे आहे. हानियाचे जुने बंदर हे स्वतःच एक पाहण्याचे ठिकाण आहे. व्हेनिसच्या राजवटीत जहाजबांधणीसाठी उभारलेल्या कमानीदार गोद्या, धक्क्याच्या टोकाचा दीपस्तंभ आणि मागच्या गल्ल्यांतील घरे पाहण्यासाठी वेगळा दिवस काढावा लागत नाही, रोजच्या संध्याकाळी त्यासाठी पुरेशा असतात.

आता यादीतून काय वगळावे, ते आधी सांगतो. सँटोरिनी वगळावे. वेगवान बोटीला एका बाजूने सुमारे दोन तास लागतात, पुढे बंदरापासून वरच्या गावापर्यंतची वळणे, सर्व बोटींची गर्दी एकाच वेळी आणि परतीच्या बोटीवर सारखे लक्ष. ज्वालामुखीच्या मुखाभोवती वसलेले ते बेट दोन रात्री राहून पाहण्याचे आहे. स्पिनालोंगाही या वेळी सोडावे, जरी ते सोडताना मला वाईट वाटते. व्हेनिसच्या लोकांनी १५७९ पासून बांधलेला तो सागरी किल्ला पुढे १९०३ ते १९५७ या काळात कुष्ठरोग्यांची वसाहत होता आणि वडिलांना तो आवडला असता. तथापि तो पूर्वेला असल्याने एक संपूर्ण दिवस घेतो, आणि आपल्याकडे पूर्ण दिवस चारच आहेत.

बालोस आणि एलाफोनिसी यांपैकी एकच निवडावे. दोन्हींच्या छायाचित्रांत उथळ, फिकट निळे पाणी आणि पांढुरकी वाळू दिसते, परंतु तेथे पोहोचण्याच्या पद्धतीत मोठा फरक आहे. बालोसला मोटारीने जायचे तर शेवटचे सात-आठ किलोमीटर खडकाळ कच्चा रस्ता आहे आणि मोटार उभी केल्यावर किनाऱ्यापर्यंत उतरण आहे. ती उतरण परत येताना उन्हात चढावी लागते. भाड्याच्या मोटारींचा विमा कच्च्या रस्त्यावर बहुधा लागू होत नाही. माझ्या गटानंतर स्वतंत्रपणे थांबलेल्या एका जोडप्याचे तेथे दोन टायर कापले गेले आणि भाड्याच्या कंपनीने त्याची सर्व भरपाई त्यांच्याकडून घेतली. किसामोसहून बोटीने जाणे सोपे आहे आणि वाटेत ग्राम्वूसाच्या किल्ल्याचे बेटही पाहता येते, मात्र वारा वाढला की ही बोट सुटतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून येणाऱ्या ‘मेल्तेमी’ वाऱ्यांचा त्रास अधिक असतो, पण मे महिन्यातही बोट रद्द झाल्याचे मी पाहिले आहे.

एलाफोनिसीला मोटार डांबरी रस्त्याने किनाऱ्याजवळ जाते, वाळू सपाट आहे आणि समोरच्या चिमुकल्या बेटावर गुडघाभर पाण्यातून चालत जाता येते. तेथील वाळूची गुलाबी छटा शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्यामुळे येते. ती सर्वत्र नसून पाण्याच्या कडेला पट्ट्यापट्ट्यांनी दिसते, त्यामुळे छायाचित्रांतील गडद गुलाबी किनाऱ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये. वाळू सोबत नेण्यास मनाई आहे. मे महिन्यात पाणी गारच असते. आईंना पाय बुडवून बसण्याइतके चालेल, पोहण्याचा आनंद आपापल्या सहनशक्तीवर. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर दोन तास शांतता मिळेल, नंतर बसगाड्या येतात.

या दिवसाचा उत्तरार्ध मात्र मी बहुतेक प्रवाशांपेक्षा वेगळा सुचवतो. आलेल्या वाटेने न परतता पश्चिम किनाऱ्याच्या उंचावरील वळणदार रस्त्याने फालासार्नाला जावे. तेथील लांब पुळण सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे, परंतु मी तेथे दुसऱ्याच कारणासाठी थांबतो. पुळणीच्या उत्तरेला कच्च्या वाटेने थोडे पुढे गेले की प्राचीन फालासार्नाचे बंदर लागते, आणि ते बंदर कोरड्या जमिनीवर आहे. बुरुजांचे पाये, घडीव दगडांचा धक्का, गलबतांचे दोर बांधण्यासाठी भोक पाडलेले दगड हे सर्व दिसते, फक्त पाणी नाही. इसवी सन ३६५ मध्ये झालेल्या प्रचंड भूकंपात क्रीटचा पश्चिम भाग वर उचलला गेला. फालासार्नाला ही उचल सहा मीटरांहून अधिक होती आणि नैर्ऋत्य टोकाला ती नऊ मीटरांपर्यंत गेली. वडिलांना तेथे उभे करून, ‘आपण उभे आहोत तो बंदराचा तळ आहे,’ एवढे एकच वाक्य सांगावे. मग पुळणीवर बसून सूर्यास्त पाहावा, जो त्या दिवसांत रात्री साडेआठच्या सुमारास होतो.

आता सामारियाविषयी, कारण आपल्या प्रश्नातील सर्वांत नाजूक भाग तोच आहे. ही घळ १६ किलोमीटर लांबीची चाल आहे. ती ओमालोसच्या पठाराच्या कडेला, सुमारे १,२०० मीटर उंचीवरील क्सिलोस्कालो या ठिकाणी सुरू होते आणि आया रुमेली गावात समुद्राच्या पातळीवर संपते. म्हणजे हा संपूर्ण उताराचा प्रवास आहे आणि लोक नेमके येथेच फसतात. चढ नाही म्हणून सोपे, असे त्यांना वाटते. कळसूबाईच्या माथ्यावरून बारी गावात उतरण्यापेक्षाही हा उतार जास्त आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक पहिल्या तीन-चार किलोमीटरांतच संपतो. तेथे लाकडी कठड्याची नागमोडी पायवाट आहे आणि गुडघ्यांवर येणारा सर्व ताण त्याच भागात येतो. पुढे वाट नदीच्या पात्रातील गोट्यांवरून जाते. आपली सवय सह्याद्रीतील खरबरीत काळ्या पाषाणाची, ज्यावर बूट पकड घेतो. येथील चुनखडक पाण्याने आणि लाखो पावलांनी गुळगुळीत झालेला आहे आणि कोरडा असतानाही सरकवतो. शिवाय तो पांढरा असल्याने ऊन खालूनही डोळ्यांत येते. काळा चष्मा आणि एक काठी या दोन गोष्टी मी गटातील प्रत्येकाला सक्तीच्या करतो. बूट वापरून मऊ झालेले असावेत आणि निघण्यापूर्वी पायांची नखे कापावीत, अन्यथा उतरताना बोटे पुढे आपटून नखे काळीनिळी होतात. माझी झाली होती.

एवढे सांगूनही मी आपल्याला ती चाल अवश्य करा असेच म्हणेन, कारण तिचे सौंदर्य टप्प्याटप्प्याने बदलत जाते. वर सरूची आणि पाइनची झाडी असते. मेच्या अखेरीस श्वेतपर्वताच्या घळींमध्ये बर्फाचे पट्टे अजून दिसू शकतात. अर्ध्या वाटेवर सामारिया हे ओस पडलेले गाव लागते. १९६२ मध्ये घळीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला तेव्हा तेथील शेवटच्या कुटुंबांना गाव सोडावे लागले. आज तेथे वनरक्षकांची चौकी आहे, पाण्याचा नळ आहे आणि क्रीटची रानटी बकरी, जिला ‘क्री-क्री’ म्हणतात, ती प्रवाशांच्या पिशव्या हुंगत फिरते. तिला खायला देऊ नये. त्यानंतर दोन्हीकडच्या भिंती जवळ येत जातात आणि ‘पोर्तेस’ म्हणजे दरवाजे या ठिकाणी वाट जेमतेम तीन-चार मीटर रुंद उरते, तर भिंती सुमारे ३०० मीटर उंच असतात. आपण सांदण दरी पाहिली असेलच. अरुंदपणात सांदण सरस ठरेल, पण येथे मान मागे टाकून वर पाहताना भिंत संपत नाही.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. वर घेतलेले तिकीट फेकून देऊ नये. उद्यानाच्या खालच्या दारावर ते पुन्हा पाहिले जाते, कारण घळीत रात्री कोणी मागे राहू नये यासाठीचा हिशेब त्यावरच चालतो. पाण्याची चिंता नको, झऱ्यांचे पाणी वाटेत जागोजागी मिळते. एक बाटली पुरते. चालण्यास सामान्यतः पाच ते सात तास लागतात. घळ साधारण मेच्या आरंभापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत खुली असते, मात्र पाऊस किंवा तीव्र उष्णतेची सूचना असेल तर त्या दिवशी बंद ठेवतात. त्यामुळे तारीख आधी पक्की करू नये. हानियातील दुसरा आणि तिसरा दिवस एकमेकांशी बदलता येतील असे ठेवावेत आणि आदल्या संध्याकाळी हवामान पाहून ठरवावे.

आईवडिलांचे काय, याचे उत्तर घळीच्या खालच्या टोकाला आहे. आपण पहाटेच्या बसने हानियाहून ओमालोसला जावे. पत्नींनी आईवडिलांना घेऊन सावकाश मोटारीने सूया या दक्षिण किनाऱ्यावरील गावी जावे. अंतर सुमारे ७० किलोमीटर, वेळ दीड-पावणेदोन तास. तेथून बोट आया रुमेलीला पाऊण तासाच्या आत पोहोचते. या गावाला मोटाररस्ता नाही, त्यामुळे तेथे येणारा प्रत्येक जण एक तर चालत येतो किंवा बोटीने. धक्क्याजवळच्या खानावळीत सावलीत बसून जेवण, काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावर थोडा वेळ, आणि वडिलांना उत्साह असेल तर खालच्या बाजूने घळीत शिरून पोर्तेसपर्यंत जाऊन येणे. एका बाजूने चार-पाच किलोमीटरांची ही चाल जवळजवळ सपाट आहे, गोटे मात्र तेथेही आहेत, म्हणून आईंना मी त्यात धरत नाही. चौघे आया रुमेलीत भेटाल आणि संध्याकाळच्या बोटीने एकत्र सूयाला परत याल, जेथे आपली मोटार उभी असेल. ही व्यवस्था मी गटांसाठी अनेकदा केली आहे आणि न चालणाऱ्यांनाही तो दिवस आपला वाटतो. बोटींची वेळापत्रके हंगामानुसार बदलतात, सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही वेळा आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात. संध्याकाळची शेवटची बोट चुकली तर आया रुमेलीत मुक्काम करण्यावाचून पर्याय नसतो.

परतीच्या बोटीत उजव्या हाताला बसावे. सूयाकडे जाताना कड्यांच्या पायथ्याशी, पाण्याच्या बऱ्याच वर, एक आडवी खाच किलोमीटरच्या किलोमीटर ओढलेल्या रेघेसारखी दिसते. तो ३६५ सालापूर्वीचा समुद्रकिनारा. फालासार्नाचे बंदर पाहिलेले असेल, तर ती रेघ कोणी दाखवून द्यावी लागत नाही.

घळ बंदच राहिली, तर इम्ब्रोसची घळ हा चांगला पर्याय आहे. ती सुमारे आठ किलोमीटरांची असून अडीच-तीन तासांत होते. १९४१ मध्ये जर्मन आक्रमणानंतर माघार घेणारे दोस्त सैनिक याच बाजूने होरा स्फाकिओनच्या बंदरापर्यंत उतरले होते.

चौथा दिवस हानियाहून हेराक्लिऑनला जाण्याचा. वाटेत कुर्नास हे क्रीटचे एकमेव नैसर्गिक गोड्या पाण्याचे सरोवर, रेथिम्नोचे जुने शहर आणि थोडे आत आर्कादीचा मठ आहे, जेथे १८६६ मध्ये ऑटोमन सैन्याने वेढलेल्या लोकांनी शरण जाण्याऐवजी दारूकोठार उडवून दिले. तिन्ही करण्याचा अट्टहास नको. मी सरोवर आणि रेथिम्नोतील जेवण एवढेच करतो आणि दुपारी तीनपर्यंत हेराक्लिऑनच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोहोचतो.

संग्रहालय आधी आणि क्नोसोस दुसऱ्या दिवशी सकाळी, हा क्रम मी आग्रहाने सांगतो. क्नोसोसच्या भिंतींवर दिसणारी चित्रे प्रतिकृती आहेत. बैलावरून उडी मारणाऱ्या तरुणाचे मूळ चित्र, नागदेवतेच्या मूर्ती आणि १९०८ मध्ये फेस्तोसच्या राजवाड्यात सापडलेली मातीची तबकडी संग्रहालयात आहेत. ही तबकडी दोन्ही बाजूंनी पाहता येईल अशी ठेवली आहे. तिच्यावरील चक्राकार छापलेली चिन्हे अजून कोणालाही निर्विवादपणे वाचता आलेली नाहीत. हे पाहून गेल्यावर क्नोसोसमध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी १९०० पासून केलेल्या उत्खननानंतर काँक्रीट वापरून जे पुन्हा उभारले, ते लाल खांब आणि मजले यांच्याकडे माणूस डोळसपणे पाहतो. काहींना ती पुनर्बांधणी खटकते, मला पहिल्या भेटीपुरती ती उपयोगी वाटते, कारण आईंसारख्या प्रवाशाला भिंतींच्या नुसत्या पायाच्या रेषांवरून राजवाडा दिसत नाही. सकाळी दार उघडताच आत असावे. तेथे सावली फार थोडी आहे.

त्याच दिवशी वडिलांची इच्छा असेल तर दक्षिणेला मेसाराच्या मैदानावरील फेस्तोसला जावे. तेथे काहीही पुन्हा बांधलेले नाही. टेकडीवरच्या रुंद पायऱ्या, समोर प्सिलोरितिस आणि खाली ऑलिव्हची शेते. क्नोसोस आणि फेस्तोस यांच्यासह मिनोअन, म्हणजे क्रीटच्या कांस्ययुगीन संस्कृतीच्या, काळातील सहा केंद्रांचा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यामुळे गर्दी वाढेल, पण फेस्तोसला ती अजून क्नोसोसइतकी नसते.

मोटारीविषयी दोनच गोष्टी. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा, आणि हमरस्त्यावर मागून कोणी घाई केली तर स्थानिक लोक उजवीकडच्या पट्टीवर अर्धी मोटार सरकवून वाट देतात, तसे आपणही द्यावे. शाकाहाराची अडचण येत नाही. बार्लीच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि चीज घातलेला ‘दाकोस’, भात भरलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि उकडलेला रानभाजीपाला कोणत्याही गावातील खानावळीत मिळतो.

आपले परतीचे विमान कोठून आहे, हे प्रश्नात लिहिलेले नाही. ते हेराक्लिऑनहून असेल तर वरील आखणी जशीच्या तशी ठेवावी. हानियाहून असेल तर सर्व उलटे करावे, मात्र त्या स्थितीत सामारिया शेवटच्या दिवशी ठेवू नये. आणि हेराक्लिऑनच्या हॉटेलातील पहिल्या तीन रात्री विनाशुल्क रद्द करण्याची मुदत कधीपर्यंत आहे, ते आजच पाहून घ्यावे.